मोकळ्या जागेतले ठिपके

काकूंना राग यायला कारण लागत नाही, असं प्रयोगशाळेत सगळे म्हणत. हे साफ खोटं होतं. कारण असायचंच, फक्त ते इतरांच्या डोळ्यांना दिसण्याएवढं मोठं नसायचं. कुणी बाटलीचं झाकण टेबलावर उताणं ठेवलं, कुणी इन्क्युबेटरचं दार नुसतं ढकलून दिलं, कुणी हातमोजा घातलेल्या बोटाने नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि तेच बोट घेऊन पुढे कामाला लागला, की काकूंच्या कपाळावरची शीर टणटण उडायला लागे. शीर उडाली की ओळखीचे लोक जिन्याकडे सरकत. नवखे तिथेच उभे राहत आणि पुढच्या वेळी तेही ओळखीचे होत.

त्या कुणाच्याच काकू नव्हत्या. हुद्दा तंत्रज्ञाचा. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी एकदा काकू म्हणालं आणि ते ताज्या डांबरासारखं अंगाला चिकटलं. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते काकूंपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान. डोक्यावरचे केस काकूंच्या आधी पिकलेले. तरी तेही काकूच म्हणायचे. घरी काकूंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला या सगळ्या भानगडीत काहीएक गुन्हा नसताना काका व्हावं लागलं.

काकूंचं काम पेशी जगवण्याचं. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, एकात एक अशा दोन दारांच्या आत, बिनखिडकीची एक खोली. तिथे सदतीस अंशांच्या उबेत, चपट्या बाटल्यांच्या तळाशी, सांध्याच्या अस्तरातल्या पेशी चिकटून वाढत. गुलाबी पाणी हे त्यांचं जेवण. दोन दिवसांत ते पिवळट पडे, म्हणजे पेशींनी जेवून ताट उष्टं केलं. ते काढायचं, ताजं वाढायचं. बाटलीत गर्दी झाली की निम्म्या पेशींचं बिऱ्हाड दुसऱ्या बाटलीत हलवायचं. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून काकूंनाही बावीस वर्षं रविवार कळला नव्हता. आणि हे करताना त्या मास्कच्या आतून पेशींशी बोलत. लाडाने नव्हे हं. झापत. एवढं गिळलंत आणि वाढलात एवढ्याच का, तुमच्या वयाच्या त्या दुसऱ्या बाटलीतल्या बघा, असा एकंदर सूर असे. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं, पण आईपणाची ही एक शाखा त्यांनी कोरडी पडू दिली नव्हती.

या पेशींवर सर जे संशोधन करत, ते काकूंच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर रोज सकाळी बसलेलं असे. काकांच्या हातांच्या बोटांना सूज होती. सकाळी उठलं की बोटं मिटत नसत; गरम पाण्याच्या पातेल्यात तासभर हात बुडवून बसल्यावर कुठे चिमटा धरता येई. घड्याळजी माणसाला बोटं न मिटणं म्हणजे गवयाचा गळा बसण्यासारखं. अशी सूज का येते, याबद्दल सर व्याख्यानातून प्राचीन सहजीवन, अंतर्गत संकेत वगैरे भारदस्त शब्दांत सांगत. काकूंनी त्याचं काकांसाठी घरगुती रूपांतर केलं होतं.

पेशीच्या पोटात मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारक्या चुली असतात. अन्नापासून कामाची ताकद निघते ती तिथे. पण या चुली मूळच्या घरच्या नव्हेत. फार फार पूर्वी ते मोकळे फिरणारे जंतू होते. एका पेशीने त्यातला एक गिळला, आणि तो पचायचं सोडून तिथेच मुक्कामाला राहिला. थोडक्यात, घरजावई. कामसू हो, अगदी नेकीचा. पण त्याची ट्रंक वेगळी. त्या ट्रंकेत त्याचा स्वतःचा डीएनए, अजूनही जंतूच्या वळणाचा. तो धडधाकट आहे तोवर ट्रंकेला कुलूप. पण तो बिघडला, फुटला, की ट्रंकेतलं सामान घरभर सांडतं. मग घरचा रखवालदार ते सामान बघतो, त्याला ते घरातलं वाटत नाही, आणि तो परका शिरला, परका शिरला म्हणून बोंब ठोकतो. सगळी आळी काठ्या घेऊन धावते. चोर नसतोच. काठ्या मात्र खऱ्या असतात, आणि त्या घरच्याच भांड्यांवर पडतात. ही सूज. शहाणी पेशी बिघडलेली चूल वेळेवर गुंडाळून मोडीत काढते. ते जमेनासं झालं की रोजच बोंब.

काका पाण्यातली बोटं हलवत म्हणाले होते, "म्हणजे जावयाचं बिनसलं आणि मार सासऱ्याला."

हे सगळं खरं होतं. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, की मूळ कल्पना खरीच होती. म्हणूनच काकूंना जास्त राग आला.

झालं असं. वर्षाच्या मध्यावर काकूंना पेशींचं काहीतरी बिनसल्यासारखं वाटू लागलं. गुलाबी पाणी दोन दिवसांऐवजी दीड दिवसात पिवळं पडायचं, आणि खाल्लेलं अंगी लागायचं नाही. पाणी स्वच्छ, गढूळपणा नाही, बुरशी नाही. नेहमीच्या मायक्रोस्कोपखाली पेशी दिसत होत्या त्याच, पण चेहरा उतरलेला. पेशीला चेहरा नसतो हे काकूंनाही माहीत होतं. त्यांनी सरांना जाऊन सांगितलं की मायकोप्लाझ्माची तपासणी करून घेऊ.

मायकोप्लाझ्मा हा पेशी वाढवणाऱ्यांचा जुना वैरी. इतका बारका जंतू की साध्या मायक्रोस्कोपला दाद देत नाही, पाणी गढूळ करत नाही, आणि त्याला अंगावर भिंतच नसल्याने भिंत फोडणारी औषधं त्याच्यापुढे बावळट ठरतात. पेशींच्या अंगाला चिकटून, त्यांच्याच ताटातलं खात, तो महिनोन् महिने गुपचूप राहतो. पूर्वी दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायची. सरांनी ती दोन वर्षांपूर्वी बंद केली होती, कारण आपली खोली स्वच्छ आहे. या वेळीही ते हसले आणि म्हणाले की काकू, पेशी म्हाताऱ्या झाल्या असतील, आपल्यासारख्या. स्वतःला त्यात धरून घेतलं की समोरच्याला राग येत नाही असा सरांचा समज होता.

त्याच सुमारास ठिपके सापडले. हा शोध डॉक्टरिणीचा. डॉक्टरीण म्हणजे सरांच्या हाताखाली पदवीसाठी काम करणारी मुलगी. पाच वर्षं ती डॉक्टर व्हायच्या बेतात होती, तेव्हा लोकांनी वाट न बघता म्हणायला सुरुवात केली होती. तिने पेशींच्या चुली औषधाने मुद्दाम बिघडवल्या आणि डीएनए उजळवणारा निळा रंग घालून फोटो काढले. मधोमध पेशीच्या केंद्रकाचा मोठा निळा गोळा, आणि भोवती बारीक बारीक ठिपके, आभाळभर. घरजावयाच्या ट्रंकेतलं सामान! सूज वाढवणारे संकेतही पेशींनी इतके सोडले होते की आलेखातली रेघ कागदाबाहेर जायला निघाली होती. सरांनी तो फोटो एका मोठ्या परिषदेत दाखवला. परत आले ते जमिनीपासून चार बोटं वर चालत. शोधनिबंध लिहून तयार झाला. तो सोमवारी पाठवायचा ठरला.

त्याच्या आधीच्या बुधवारी काकू डॉक्टरिणीला रिकाम्या बाटल्या मागायला गेल्या. पडद्यावर तो फोटो होता. निबंधात जाणारा नव्हे, मूळचा. निबंधातल्या फोटोच्या कडा कापून पेशी तेवढी मोठी केलेली होती. मूळ फोटोत चार पेशी होत्या आणि त्यांच्यामध्ये भरपूर काळी मोकळी जागा.

काकू बाटल्या विसरल्या. चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. ठिपके पेशींत होते. पेशींच्या कडेला होते. आणि जिथे पेशीच नव्हती, त्या मोकळ्या काळ्या जागेतही होते.

"अगं, घरातलं सामान अंगणात सांडलं म्हणशील तर मला पटेल," काकू म्हणाल्या. "हे पार रस्त्यावर कसं गेलं? तिथे घर तरी आहे का कुणाचं?"

डॉक्टरीण म्हणाली की तो रंगाचा कचरा असेल. काकूंनी विचारलं, ज्या पेशींच्या चुली बिघडवल्या नव्हत्या, त्यांचा फोटो दाखव. डॉक्टरिणीने जरा शोधल्यासारखं केलं आणि दाखवला. त्यातही ठिपके. कमी, पण होते. ते म्हणे पार्श्वभूमी म्हणून वजा केले होते.

काकू तशाच सरांच्या खोलीत गेल्या. दार वाजवलं की नाही, याबद्दल नंतर दोन मतं होती. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकून घेण्याची त्यांची एक खास पद्धत होती. समोरच्याला आपण रांगेत उभे आहोत असं वाटे. मग ते म्हणाले, "काकू, तुम्ही पेशी सांभाळा. त्यांचा अर्थ आम्ही लावतो."

त्या दिवशी काकू घरी आल्या त्या चप्पल दारात न काढता थेट स्वयंपाकघरापर्यंत. भांडी अशी घासली की काकांनी दुकानातून आणलेलं टेबलावरचं घड्याळ उचलून मांडीवर घेतलं. मग हळूच विचारलं की कोण मेलं. काकूंनी सगळं सांगितलं. काकांनी त्यांच्या धंद्यातलं एक शहाणपण सांगितलं: गिऱ्हाईकाचं उघडलेलं घड्याळ आणि भिंतीवरचं न उघडलेलं, दोन्ही सारखीच मागे पडत असतील तर दोष घड्याळात शोधत बसू नये, खोलीत शोधावा. काकू म्हणाल्या की तेच तर मी म्हणतेय. काका म्हणाले, मग त्यांना कशाला सांगत बसलीस, तपासून घे ना.

पण तपासून घेणं काकूंना वाटतं तितकं सोपं नव्हतं, आणि ते काकांना ठाऊक होतं. लागण निघाली तर पहिलं बोट काकूंकडे. पेशींची खोली काकूंची, किल्ली काकूंची, बावीस वर्षांत एकदाही लागण झाली नाही ही शेखी काकूंची. नाही निघाली, तर म्हातारी चक्रम झाली. आणि गप्प बसलं, तर सोमवारी तो निबंध जाणार. मग कुठले कुठले लोक त्या ठिपक्यांच्या मागे लागणार, त्यावरून औषधं शोधणार, आणि काकांसारखी माणसं ती औषधं घेऊन पातेल्यात हात बुडवून वाट बघत बसणार. काकूंनी त्या बोटांकडे बघितलं आणि त्यांना पुन्हा नव्याने राग आला.

गुरुवारी त्यांनी कुणाला न विचारता एका कुपीत बाटलीतलं पाणी भरलं आणि तळमजल्यावरच्या तपासणी विभागातल्या बाईंना दिलं. शुक्रवारी दुपारी निकाल आला. लागण होती, आणि भरपूर होती; म्हणजे ते निळे ठिपके घरजावयाच्या ट्रंकेतले नव्हेतच, या जंतूच्याच डीएनएचे. शिवाय जंतूची जातही कळली: माणसाच्या तोंडात आणि घशात बिनबोभाट राहणारी.

काकूंनी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी दोनदा वाचला. त्यांचा चेहरा पांढरा झाला, मग हळूहळू त्याच्यावर रंग परतला, आणि तो रंग काकूंना आवडला नाही.

"पेशी तुमच्या, खोली तुमची," सर म्हणाले. "आणि पेशींशी दिवसभर गप्पा कोण मारतं, हे मी सांगायची गरज आहे का?"

काकूंकडे प्रत्येक बोलण्याला उत्तर असे. यालाही होतं: मी मास्कशिवाय कधी बोलत नाही. पण ते ओठांवर येता येता अडलं. कारण बावीस वर्षं म्हणजे किती दिवस, आणि एकदाही मास्क नाकाखाली सरकला नसेल? काकू वळल्या आणि बाहेर आल्या.

पुढचे तीन दिवस काकू बोलल्या नाहीत. पेशींना जेवण मुक्याने वाढलं. राग होताच, पण त्याला बाहेर जायची वाट मिळेना, म्हणून तो आतल्या आत फिरत राहिला आणि दिसेल त्याला धडकत राहिला. हा मास्क कधी सरकला होता का? त्या वेळी शिंक आली होती ती बाटली उघडी असताना की मिटल्यावर? घरीही तेच. काका शेवटी म्हणाले, "अगं, ओरड तरी. तू गप्प बसलीस की मला वाटतं डॉक्टरने माझ्याबद्दल काहीतरी वाईट सांगितलंय."

इकडे सोमवार उजाडला आणि निबंध गेला नाही. पाठवण्याचं बटण दाबायचं काम डॉक्टरिणीचं होतं. तिने सरांना सांगितलं की संदर्भ तपासतेय. मंगळवारी सांगितलं की आकृत्यांचा आकार बसत नाहीये. पाच वर्षांत ती सरांशी पहिल्यांदाच खोटं बोलत होती, आणि दोन्ही थापा इतक्या अशक्त होत्या की त्यांना हात धरून चालवावं लागत होतं.

मंगळवारी दुपारी काकूंना एकदम उमगलं की आपण मूर्ख आहोत. जंतू कुणाचा हे कुणाला विचारायची गरजच नव्हती. काकूंची एक रीत होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या पेशींच्या दोन कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवत, वर तारीख घालून. कुणी सांगितलं नव्हतं. सगळे त्याला काकूंची बेगमी म्हणत आणि हसत. काय काकू, दुष्काळ पडणार आहे का. गोठलेल्या पेशी जशाच्या तशा राहतात. त्यांच्याबरोबरचा जंतूही.

काकूंनी वर्षभरातल्या प्रत्येक महिन्याची एक कुपी काढून तळमजल्यावर पाठवली. निकाल लागला तो असा: पहिले चार महिने स्वच्छ. पाचव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पुढच्या सगळ्या कुप्या बरबटलेल्या.

चौथ्या आणि पाचव्या महिन्याच्या मध्ये काय झालं, हे आठवायला काकूंना नोंदवही लागली नाही. काकांच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली होती. खोलीची किल्ली डॉक्टरिणीकडे सोपवून काकू आठ दिवस रजेवर होत्या. बावीस वर्षांत एवढीच.

त्यांनी डॉक्टरिणीला पेशींच्या खोलीत बोलावलं आणि दोन्ही दारं लावून घेतली. डॉक्टरिणीने कागद पाहिला, तारखा पाहिल्या, आणि खाली फरशीकडे बघत म्हणाली, "तेव्हा पाहुणे आले होते, काकू. सरांनी त्यांना पेशी दाखवल्या."

"दाखवल्या म्हणजे?"

"बाटली उघडून. हातात धरून. मास्क हनुवटीवर होता. वीस मिनिटं बोलले. मायटोकॉन्ड्रियावरच."

"आणि तू काय करत होतीस?"

"मी दिवा धरला होता."

काकूंना इतका राग आला की शीर उडायचीही थांबली. त्यांनी हळू आवाजात, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं की तू हे इतके महिने पोटात ठेवलंस. त्या दिवशी माझ्या बोलण्यावर बोट गेलं, माझ्या बावीस वर्षांवर बोट गेलं, तेव्हा तू बाजूच्या खोलीत होतीस आणि भिंत कागदाची आहे. डॉक्टरीण म्हणाली की मला खरंच लक्षात आलं नव्हतं आधी, आणि आलं तेव्हा पाच वर्षं डोळ्यांपुढे उभी राहिली. मग ती रडायला लागली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. त्यांनी ब्लीचचा कॅन तिच्या हातात दिला. रडायचं नंतर, आधी हे धर.

दोघींनी मिळून एकूण एक बाटली मारली. ब्लीच पडलं की गुलाबी रंग क्षणात उडून पाणी पांढरट होई. काकूंनी बावीस वर्षांत अशा एकदम चाळीस बाटल्या कधी रित्या केल्या नव्हत्या. यातल्या एकाही पेशीचा गुन्हा नव्हता. दारातून परका शिरला म्हणून त्या ओरडत होत्या, आणि खरंच परका शिरला होता. या वेळी बोंब खोटी नव्हती. खोटं होतं ते बाहेर लिहिलेलं. काकू प्रत्येक बाटलीचं झाकण नीट लावून ठेवत होत्या, आता त्याची काही गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी दोघी सरांकडे गेल्या. सरांनी तारखांचा कागद बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले की यावरून तसं काही निश्चित म्हणता येणार नाही.

"नाहीच येत," काकू म्हणाल्या. "जंतूवर नाव लिहिलेलं नसतं. पण कुपीवर तारीख लिहिलेली असते, आणि त्या आठवड्यात मी इथे नव्हते."

सरांनी कागदाची घडी घालून तो खणात ठेवला. तेवढ्यावरच काकूंनी समाधान मानावं अशी त्यांची अपेक्षा असावी. माफी आली नाही. प्रयोग पुन्हा करण्याची परवानगी आली.

चौथ्या महिन्याच्या उरलेल्या स्वच्छ कुपीतून काकूंनी पेशी जाग्या केल्या. तीन महिने गेले. डॉक्टरिणीने चुली पुन्हा बिघडवल्या, फोटो पुन्हा काढले, या वेळी कडा न कापता. मोकळी जागा काळीभोर होती. धडधाकट पेशींत एकही ठिपका नव्हता. बिघडलेल्या पेशींत होते; थोडे, मोजके, घराच्या आतच. सुजेचे संकेतही वाढले होते. पहिल्या आलेखाच्या एक तृतीयांश. पण वाढले होते, हे नक्की.

सर आलेख बघून खुलले. बघा, म्हणाले, मूळ मुद्दा खराच होता. मी म्हणतच होतो.

आता सांगा, माणसाने काय करावं? कल्पना खरी निघाली याचा काकूंना आनंद व्हायला हवा होता, आणि आत कुठेतरी झालाही होता. काकांच्या बोटांत काय चाललंय ते निदान बरोबर दिशेने कळत होतं. पण ज्याने बाटलीत तोंड घातलं त्याचंच बरोबर निघावं आणि वर त्याने मी म्हणतच होतो म्हणावं, ही गोष्ट काकूंच्या घशाखाली उतरेना. सर मुळात बरोबर होते म्हणून तर ठिपके तपासायची कुणाला गरज वाटली नव्हती. हे त्यांना सांगायचं होतं. पण ते सांगायला गेलं की भांडण वाटतं.

खरं भांडण एका वाक्यावरून झालं. नव्या निबंधात जुने आकडे काढून नवे घातले होते आणि बाकी सगळं गुळगुळीत होतं. परिषदेत तो पहिला फोटो शेकडो लोकांनी पाहिला होता, त्याचं काय, असं काकूंनी विचारलं. सर म्हणाले की लोक नवे आकडे वाचतील आणि समजतील. काकू म्हणाल्या, समजणार नाहीत, स्पष्ट लिहा. दोन दिवस घासाघीस झाली. सरांनी आधी लिहिलं की काही अपरिहार्य कारणांमुळे पूर्वीचे आकडे सुधारले आहेत. काकूंनी ते खोडायला लावलं. मग सरांनी लिहिलं, तांत्रिक कारणांमुळे.

"तांत्रिक म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात," काकू म्हणाल्या. "माझं काम तांत्रिक आहे. तुमचं बोलणं नाही."

डॉक्टरीण बाजूला उभी होती. तिने सरांसमोरचा कागद आपल्याकडे ओढला, पेन घेतलं आणि लिहिलं: आमच्या पेशींना मायकोप्लाझ्माची लागण झाली होती, यापूर्वी परिषदेत दाखवलेले ठिपके व आकडे ग्राह्य धरू नयेत. मग म्हणाली की हे वाक्य राहणार नसेल तर माझं नाव काढा. सरांनी दोघींकडे बघितलं. वाक्य राहिलं. शेवटच्या आभारांत काकूंचं नाव टाकतो असं सर म्हणाले. काकूंनी ते नको म्हटलं, आणि का ते सांगितलं नाही.

निबंध छापून आला. दोन महिन्यांनी एक पत्र आलं. कुठल्या तरी दूरच्या प्रयोगशाळेतून, तिथल्या तंत्रज्ञाचं, थेट "पेशी सांभाळणाऱ्या व्यक्तीस" म्हणून. लिहिलं होतं की तुमचे परिषदेतले ठिपके बघून आमच्या प्रमुखांनीही शोधायला घेतले. आम्हाला ते एका बाटलीत सापडायचे, दुसरीत सापडायचे नाहीत. सात महिने आम्ही तेच करत होतो. माझं काही चुकतंय असं सगळे मला सांगत होते. तुमचं ते एक वाक्य वाचलं आणि पेशी तपासल्या. आमच्यातही लागण आहे. आता काय करू?

काकूंनी पत्र उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा वाचलं. सात महिने. कुणीतरी, कुठेतरी, बिनखिडकीच्या खोलीत, सात महिने स्वतःच्या हातांवर संशय घेत उभं होतं. काकूंना तीन दिवसही सोसले नव्हते.

सरांना पत्र कळलं. ते म्हणाले की छान, सहकार्याची संधी आहे, मी उत्तराचा मसुदा करतो. काकू म्हणाल्या की पत्र मला आलंय, उत्तर मीच देणार. डॉक्टरीण टंकायला बसली आणि काकू मागे उभ्या राहून सांगत गेल्या: सगळ्या बाटल्या मारा, एकही ठेवू नका, जीव तुटला तरी. जुन्या गोठवलेल्या कुप्या असतील तर महिन्यावारी तपासा. स्वतःला दोष देण्याआधी, तुम्ही रजेवर कधी होतात ते बघा. आणि बोलायचं तर मास्क नाकावर घेऊन बोला, पण बोला.

"शेवटी तुमच्या सात महिन्यांबद्दल क्षमस्व, असं लिहू?" डॉक्टरिणीने विचारलं.

"लिही," काकू म्हणाल्या. "पण ते माझं नाही. छापून दे इकडे."

कागद घेऊन त्या सरांच्या खोलीत गेल्या आणि टेबलावर ठेवला. शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं. सरांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि काकूंच्या कपाळाकडे बघून मिटलं. मग ते टेबलाच्या खणात पेन शोधू लागले. पहिलं चालेना. दुसरं सापडेना. काकू दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि सही होईपर्यंत त्या तिथून हलणार नव्हत्या.